प्रोसेसरचं आडनाव विचारू नका, पिढी विचारा

"चळवळीच्या पोराला गेमिंग कॉम्प्युटर कशाला पाहिजे?"

हा प्रश्न परवा आमच्या वस्तीतल्या विहारात विचारला गेला. विचारणारे आमचेच एक दादा. नाव लिहीत नाही. त्यांनी लाठ्या खाल्ल्यात, लॉकअप पाहिलाय. त्यांच्याबद्दल आदर आहे, म्हणूनच भांडण आहे. झालं एवढंच की एका पोरानं दोन वर्षं डिलिव्हरीच्या बाइकवर कंबर मोडून चाळीस हजार जमवले आणि म्हणाला, याचा कॉम्प्युटर बांधणार, गेम चालेल असा. दादा भडकले. "अरे, त्यापेक्षा स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घे. हातात मोबाइल आहे ना? गेम म्हणजे बड्या बापाच्या पोरांची थेरं."

पोरगं गप्प बसलं. आपल्यात मोठ्यांपुढं उलट बोलत नाहीत. म्हणून ते जे बोललं नाही ते आम्ही इथं लिहितोय.

दादा, ते वाक्य तुमचं नाही. ते कुणीतरी तुमच्या तोंडात बसवलंय. "यांना कशाला पाहिजे?" हा या देशातला सगळ्यात जुना प्रश्न. यांना पाणी कशाला पाहिजे, शाळा कशाला पाहिजे, पायात वहाण कशाला, अंगात कडक इस्त्रीचं शर्ट कशाला, वरातीला घोडा कशाला? प्रत्येक वेळी उत्तर एकच मिळालं : पाहिजे म्हणून पाहिजे. तुम्हीच दिलंत ते उत्तर, तुमच्या तरुणपणी, रस्त्यावर. आता यादीत ग्राफिक्स कार्ड आलंय तर तुम्ही पलीकडच्या बाजूला जाऊन उभे का?

पण नुसतं "पाहिजे म्हणून पाहिजे" म्हणून आम्ही सुटणार नाही. चाळीस हजार म्हणजे दोन वर्षांचा घाम आहे. तो कशावर घालायचा हे कळलंच पाहिजे. तेव्हा हा लेख अर्धा दादांना आहे आणि अर्धा त्या पोराला.

आधी एक भ्रम फोडू. गेमिंग कॉम्प्युटर नावाची वेगळी चीज जगात नाही. ज्या कॉम्प्युटरात चित्र काढण्यासाठी वेगळं, ताकदवान ग्राफिक्स कार्ड असतं त्याला दुकानदार गेमिंग म्हणतात, कारण त्या नावावर दोन पैसे जास्त मिळतात. जे कार्ड गेममधली गोळीबारी रंगवतं तेच कार्ड ब्लेंडरमध्ये त्रिमितीय चित्र रंगवतं. तेच सिनेमाचं एडिटिंग पळवतं. ब्लेंडर फुकट आहे, त्याचा सोर्स कोड २००२ साली सगळ्यांना खुला झाला. गेम बनवायचं गोदो इंजिन, तेही फुकट. म्हणजे बनवायची हत्यारं फुकट आहेत आणि फक्त यंत्र पाहिजे. आणि ते यंत्र म्हणजे दादा ज्याला थेरं म्हणाले तेच.

मोबाइल आहे ना, म्हणता? मोबाइल खिडकी आहे. तिच्यातून दुसऱ्याचं जग बघायचं, बोटानं वर ढकलायचं, पुढचं बघायचं. तिचं मागचं झाकण उघडता येत नाही, रॅम वाढवता येत नाही, बिघडली की फेकायची. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा एका मोबाइलवर तीन भावंडांची शाळा भरली होती ती आम्ही बघितली आहे. तेव्हाही कुणीतरी म्हणालंच होतं, हातात मोबाइल आहे ना!

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला आणि पुढं दादरला स्वतःचा भारत भूषण छापखाना उभा केला. का? दुसऱ्याच्या छापखान्यात आपला मजकूर दुसऱ्याच्या मर्जीनं छापला जातो म्हणून. साठ-सत्तरच्या दशकात अनियतकालिकं काढणाऱ्यांनी सायक्लोस्टाइलवर शाई माखून अंक काढले. त्या काळात सायक्लोस्टाइल मशीन कशाला पाहिजे, असं कुणी विचारलं असतं तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता, दादा? ते इथं छापता येणार नाही.

आता बघा, त्या छापखान्याच्या जागी आज काय आहे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा गेम काढला. जगभर गेला. भावाला शोधणारी एक मुलगी, तिच्या हातात दुर्गेनं दिलेला त्रिशूळ, आणि शत्रू कोण? महाबलासुर. त्यांच्या मेहनतीला आम्ही नावं ठेवत नाही. चित्रं देखणी आहेत, पोरीला नायिका केली हेही चांगलं. पण शत्रू असुरच! जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त हे सगळे अवतार उलटे करून दाखवले, बळीला रयतेचा राजा म्हणून उभं केलं. त्याला दीडशे वर्षं होऊन गेली. गेममध्ये मात्र आजही असुर मारायचा आणि देवाकडून वर घ्यायचा. का? कारण जोतीरावांच्या बाजूच्या पोराकडं ते यंत्र नव्हतं. महाडचं चवदार तळं, २० मार्च १९२७, ऊन, गर्दी, पहिली ओंजळ. १९७४ ची वरळी, बीडीडी चाळी, गच्चीवरनं येणारे दगड. हे नकाशे कोण बनवणार? ते बनवायला लागणारं कार्ड आमच्या पोराच्या बजेटमध्ये बसतंय आणि आपण त्याला विहारात बसवून गप्प करतोय.

हो, गेममध्ये नशा आहे. रात्र रात्र बसणारी पोरं आमच्याही गल्लीत आहेत. ऑनलाइन रमीनं घरं बुडवली हेही खरं. पण रमी हा पैशाचा जुगार. त्या पैशाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कायदा करून बंदी आणली. बुद्धिबळाचा पट आणि मटक्याचा अड्डा एका दमात मोजू नका. दारूवर बोलायचं तर दारूवर बोला, ग्लासावर नको.

दादांचं झालं. आता पोरा, तुझ्याकडं वळतो.

आम्ही स्वतः पहिला कॉम्प्युटर २०१९ साली घेतला. ग्रँट रोड स्टेशनला उतरलो, लॅमिंग्टन रोडला गेलो. कागदावर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण मुंबईत ते कुणाला ठाऊक नाही. एका दुकानात शिरलो. काउंटरवरच्यानं आम्हाला वरून खाली बघितलं, चपलेवर नजर थांबली, आणि तो म्हणाला, "बॉस, आय सेव्हन है. आँख बंद करके ले जाओ." आम्ही आय सेव्हन ऐकलं आणि खरंच डोळे मिटले. घरी आणल्यावर कळलं ते असं : प्रोसेसर २०११ चा आय सेव्हन २६००. मदरबोर्ड कुठल्याच कंपनीचा नाही. कार्ड जीटी ७३०, म्हणजे २०१४ चं, गेमच्या नावानं बोंब. वर मोठ्या अक्षरात 'चार जीबी' लिहिलेलं, पण ती मेमरी जुनी, संथ डीडीआर थ्री. आणि बिल? बिल मागायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

च्यायला, आम्ही आडनावाला भुललो! ज्या देशात माणूस आडनावावरून ओळखतात त्या देशात आम्ही प्रोसेसरही आडनावावरून घेतला.

नीट बघ, इंटेलनं काय मांडून ठेवलंय. आय थ्री, आय फाय, आय सेव्हन, आय नाइन. चार पायऱ्या. हुबेहूब चातुर्वर्ण्य! वर नऊ, मग सात, मग पाच, पायाशी तीन. आणि पेंटियम-सेलेरॉन गावकुसाबाहेर. अलीकडं नावं बदलून 'कोअर अल्ट्रा' वगैरे केली, पण उतरंड तीच ठेवली. काउंटरवरचा पुरोहित तुला वर्ण सांगतो आणि दक्षिणा घेतो. तू वर्ण विचारूच नको. पिढी विचार. नावापुढचा आकडा वाच. २६०० म्हणजे दुसरी पिढी. १२१०० म्हणजे बारावी. आय थ्री-१२१००एफ हा २०२२ सालचा. त्याला चार कोअर आणि आठ थ्रेड. आमच्या २०११ च्या आय सेव्हनलाही चार कोअर आणि आठ थ्रेड. कागदावर दोघं सारखे, पण चालवून बघितलं तर हा नवा शूद्र त्या जुन्या क्षत्रियाला धोबीपछाड घालतो. आकडा वाचता आला असता तर आमचे पैसे वाचले असते.

पुढं ऐक. हे वर्ण जन्मतात कसे? एएमडीचा रायझेन ५ ५६०० घे. आत सहा कोअर, बारा थ्रेड. पण ज्या सिलिकॉनच्या तुकड्यावर तो कोरलेला असतो त्यावर आठ कोअर असतात. दोन बंद करून ठेवलेले. कधी त्यातला एखादा खरंच सदोष असतो, तर कधी सगळे धडधाकट असतात, पण बाजारात खालच्या भावाचा माल कमी पडतोय म्हणून कंपनी दोन बंद करते आणि खालच्या खोक्यात घालते. माती एक, भट्टी एक. शिक्का मारणारा ठरवतो कोण आठचा आणि कोण सहाचा. आणि इंटेलच्या नावामागचं ते 'एफ'? त्याचा अर्थ आतलं चित्र काढणारं अंग बंद. वेगळं कार्ड लावणाऱ्याचं त्यानं काही अडत नाही आणि पैसे कमी पडतात. पण कार्डाशिवाय 'एफ' घेतलास तर पडद्यावर अंधार. हे दुकानदार सांगेलच असं नाही.

आता शंभर रुपयांचा हिशोब करू. तुझ्या खिशात कितीही असोत, शंभर समज. मॉनिटर, कीबोर्ड, माउस यात धरले नाहीत.

पस्तीस रुपये ग्राफिक्स कार्डाला. गेम चालतो तो याच्यावर. अठरा प्रोसेसरला. चौदा मदरबोर्डला. बारा रॅमला. आठ एसएसडीला. नऊ पॉवर सप्लायला. चार कॅबिनेटला. झाले शंभर. हा ढोबळ हिशोब आहे, बाजारभावानं दोन-चार रुपये इकडचे तिकडे होतील. पण कुणी तुला प्रोसेसरला पन्नास आणि कार्डाला दहा लावून देत असेल तर तो तुला आडनाव विकतोय. आणि कुणी कॅबिनेटला वीस लावून त्यात सात रंगांचे पंखे फिरवून दाखवत असेल तर हात जोड आणि बाहेर पड. रोषणाई लग्नात करायची असते. त्या दिव्यांनी गेमची एक फ्रेमही वाढत नाही. पुढच्या बाजूला जाळी असलेलं, हवा खेळेल असं साधं कॅबिनेट घे. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत, पत्र्याखाली, मे महिन्यात हवाच महत्त्वाची.

कार्डाबद्दल. तुझा मॉनिटर १९२० बाय १०८० चा असेल तर त्याच्यापुरतंच कार्ड घे. फोर-के म्हणजे त्याच्या चौपट ठिपके, चौपट रंगकाम. ती हौस शेठजीच्या पोराला करू दे. २०२१ मध्ये आलेलं आरएक्स ६६००, आठ जीबी मेमरी, वीज खातं सुमारे १३२ वॉट. आपल्या कामाला हे भरपूर. कार्डाची मेमरी चारवर आता भागत नाही, नव्या गेममध्ये चित्रं अडखळतात, आठ बघ. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक यांसारखे पोरं रोज खेळतात ते गेम हलके आहेत, त्यासाठी जीव काढायची गरज नाही.

रॅम सोळा जीबी, आणि ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत. एकच सोळाची पट्टी लावलीस तर प्रोसेसरला एकाच दारातून ये-जा करावी लागते. दोन लावल्यास तर दोन दारं. आमच्या हिशोबातले रॅमचे बारा रुपये मात्र २०२५ च्या अखेरीस कोलमडले. एआयची डेटा सेंटरं जगातली मेमरी ओढून घेऊ लागली आणि भाव भडकले. मायक्रॉननं तर त्या डिसेंबरात जाहीर करून टाकलं की सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँड आपण बंद करणार. म्हणजे पाणवठ्यावर वरच्यांचे टँकर लागले की खालच्यांच्या हंड्यांनी थांबायचं! उपाय हाच की पहिल्यांदा नव्या डीडीआर फाइव्हच्या मागं न लागता डीडीआर फोर चालणारा बोर्ड घ्यायचा आणि जुन्या पट्ट्या तपासून घ्यायच्या.

मदरबोर्ड घेताना उद्याचा विचार कर. कुठल्या खाचेत कुठला प्रोसेसर बसतो ते बघ. एएमडीची एएम४ खाच अशी की २०१७ साली घेतलेल्या अनेक बोर्डांवर नुसता बायोस बदलून २०२२ चा रायझेन ५ ५६०० बसतो. ज्या यंत्राची एकेक वस्तू बदलून वाढवता येते ते गरिबाचं यंत्र. लॅपटॉप दुकानात झक्कास दिसतो, पण त्यातलं कार्ड बोर्डालाच चिकटवलेलं. जन्मानं मिळालं तेवढंच, मरेपर्यंत.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि तिच्याकडं कुणीच बघत नाही. पॉवर सप्लाय. कॅबिनेटबरोबर फुकट म्हणून जो डबा मिळतो त्यावर ४५० वॉट छापलेलं असतं. छापायला काय जातं? तो डबा जळतो तेव्हा एकटा जळत नाही, बोर्ड आणि कार्ड बरोबर घेऊन जातो. तुझ्या दोन वर्षांचा घाम नऊ रुपयांच्या वस्तूवर टांगलेला आहे हे विसरू नको. १२१००एफ आणि आरएक्स ६६०० मिळून तीनशे वॉटच्या आतच खातात. म्हणून हजार वॉटचा नको, नावाजलेल्या कंपनीचा साडेचारशे-साडेपाचशेचा पुरे. '८० प्लस' हा शिक्का वीज किती वाया जाते त्याचा आहे, सुरक्षेची हमी नव्हे. तेही ध्यानात ठेव. आणि आई विचारेल विजेचं, तर तिला सांग : तीनशे वॉट धरून रोज चार तास म्हणजे सव्वा युनिटच्या आत.

आणि अर्थिंग! हे कुठल्याच इंग्रजी व्हिडिओत सांगत नाहीत, कारण त्यांच्या भिंतीत अर्थिंग असतं. आपल्या झोपडपट्टीत प्लगचं तिसरं भोक नावापुरतं. मग कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. पोरं हसतात, "मशीनला करंट आहे." हसू नको. तो विजेचा इशारा आहे. आधी वायरमनला बोलाव, अर्थिंग करून घे, मग मशीन लाव. पावसाळ्यात जमिनीवर ठेवू नको, दोन विटा खाली घाल.

आता जुन्या मालाबद्दल. आमच्यातलीच काही पोरं म्हणतात, सेकंडहँड नको, ती उतरण झाली. मुद्दा मोठा आहे, बाजूला सारता येत नाही. १९२७ साली महाडात बाबासाहेबांनी सांगितलं होतं, उष्टं खाणं सोडा, मेलेलं ओढणं सोडा. ते आपल्या रक्तात आहे आणि असलंच पाहिजे. पण उतरण म्हणजे काय? जी उपकार म्हणून अंगावर फेकली जाते, जी नाकारता येत नाही, जी घेतल्यावर मान खाली जाते ती उतरण. तू नोटा मोजून देतोस, माल उलटापालटा करून बघतोस, पसंत नसेल तर "नको" म्हणून उठतोस. ज्याला "नको" म्हणता येतं तो गिऱ्हाईक. त्याला कुणी उतरण देत नाही.

फक्त "नको" म्हणायला माल ओळखता आला पाहिजे. जुन्या कार्डांचा बाजार का भरला ते कळलं पाहिजे. २०२०-२१ मध्ये इथिरियमचे पैसे पाडायला लोकांनी शेकड्यानं कार्डं जुंपली, तुला-मला एक मिळेना. १५ सप्टेंबर २०२२ ला इथिरियमनं ती पद्धतच बंद केली आणि ती राबून राबून थकलेली कार्डं बाजारात आली. सगळी वाईट नसतात. पण चालवून बघितल्याशिवाय घेऊ नको. अर्धा तास ताण देणारा प्रोग्रॅम लाव, तापमान बघ, पंख्याचा आवाज ऐक, पडद्यावर ठिपके-रेघा येतात का बघ. जीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर ठेव. जुनं टाकाऊ कार्ड नव्या नावानं विकायची भडवेगिरी चालते, आतला प्रोग्रॅम बदलून नाव खोटं दाखवतात. तो प्रोग्रॅम बहुतेक वेळा खोटं पकडतो. आरएक्स ५८० म्हणून '२०४८ एसपी' लिहिलेलं कार्ड दिलं तर समज, ते ५८० नव्हेच, एक पायरी खालचं आहे.

चाळीस हजारही नसतील तर? तर कंपन्यांनी काढून टाकलेले ऑफिसचे टॉवर बघ. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची साथ संपली. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच लागते. त्यामुळं सहाव्या-सातव्या पिढीचे आय फाय ऑफिसांतून बाहेर पडले. त्यांच्यावर लिनक्स घाल. स्टीमच्या प्रोटॉनमुळं २०१८ पासून विंडोजचे पुष्कळ गेम लिनक्सवर चालतात. व्हॅलोरंट मात्र चालत नाही, ते आधीच सांगतो, मागाहून शिव्या घालू नको. त्यात जीटीएक्स १६५० बसव. २०१९ चं कार्ड, चार जीबी. वर चार चालत नाही म्हणालो ते नव्या गेमचं. इथं जुने आणि हलके गेम, आणि शिकायचं काम. या कार्डाची ७५ वॉटची भूक बोर्डाच्या खाचेतूनच भागते, म्हणून वेगळी वायर नसलेलं मॉडेल माग. ऑफिसच्या टॉवरांचे पॉवर सप्लाय अनेकदा त्यांच्याच मापाचे असतात, बदलता येत नाहीत, म्हणून हे महत्त्वाचं. आणि जाताना फूटपट्टी घेऊन जा. बुटक्या डब्यात उंच कार्ड बसत नाही.

बिल माग. "बिना बिल का सस्ता पड़ेगा" म्हणतील. अठरा टक्के जीएसटी वाचतो खरा, पण त्या अठरा टक्क्यांत तुझी तीन वर्षांची वॉरंटी जाते. आणि एकटा जाऊ नको. दोघं-तिघं जा. आमच्यासारखं चपलेकडं बघणारा कुणी भेटला तर बाजूच्या दुकानात जा. त्या रोडवर दुकानांना तोटा नाही.

आणि आणलेलं यंत्र स्वतः जोड. दुकानात दोनशे-पाचशेत जोडून देतात, तरी स्वतः जोड. प्रोसेसरवरचा छोटा त्रिकोण खाचेच्या त्रिकोणाशी जुळव, जोर लावू नको. पेस्ट वाटाण्याएवढी. रॅमची पट्टी 'टक' आवाज येईपर्यंत दाब. बहिणीला शेजारी बसव. बसव कसला, स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दे! आपल्या घरात यंत्र आलं की ते भावाचं होतं आणि बहिणीनं त्यावरची धूळ पुसायची. ही मनुस्मृती आपणच घरात चालवतो आणि २५ डिसेंबरला तिचं दहन साजरं करतो. पोरींनो, तुम्हीही ऐका : यंत्र मागू नका, आपला वेळ वाटून घ्या आणि भिंतीवर लिहून लावा.

कारण खरी गोष्ट इथं आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली जातीबद्दल जे मांडलं त्याचा गाभा हाच की जातीनं कामं वाटली नाहीत, काम करणारी माणसंच वाटली, एकावर एक रचली. कॉम्प्युटरच्या धंद्यात बघा. वर डिझाइन करणारा, त्याखाली विकणारा, त्याखाली हमाल, आणि सगळ्यात खाली दिल्लीच्या सीलमपूरला जुने बोर्ड जाळून, तेजाबात घालून तांबं काढणारी माणसं. यंत्र जिवंत असतं तेव्हा ते यांच्या हातात नसतं. मेलं की येतं. मेलेलं ओढायचं काम अजून आपल्याच दारात आहे, फक्त ढोराच्या जागी मदरबोर्ड आलाय.

म्हणून दादा, त्या पोराला त्याचं यंत्र जिवंतपणी हातात घेऊ द्या. तो खेळेल. खेळू द्या! आमच्या बापाला खेळायला वेळ कुणी दिला नाही, आजाला तर बालपणच दिलं नाही. खेळणं ही काय फक्त त्यांची मिरास आहे? खेळता खेळता त्याला प्रश्न पडेल की हा गेम असा का चालतो, शत्रू हाच का, आणि मी वेगळा बनवला तर? तो प्रश्न पडला की तुमच्या माझ्या चळवळीला एक माणूस मिळाला.

पोरानं यादी केलीय. आय थ्री-१२१००एफ, डीडीआर फोरचा बोर्ड, तपासून घेतलेलं जुनं आरएक्स ६६००, साडेपाचशेचा पॉवर सप्लाय, जाळीचं कॅबिनेट, एकही रंगीत दिवा नाही. वायरमन येऊन गेला, अर्थिंग झालं. येत्या रविवारी विहारात सगळे भाग सतरंजीवर मांडून आम्ही तो जोडणार आहोत, सगळ्यांसमोर, पोरापोरींच्या हातानं.

दादा, तुम्हीही या. पहिल्यांदा बटण तुम्हीच दाबा.

जय भीम!